खजिना सापडला म्हणे! पण 'का' आणि 'कसा' हे कोण सांगणार?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण आपल्या मातीबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा तो मेसेज फिरला. "आपल्या जिल्ह्यात सापडला अब्जावधींचा खजिना!" खाली ड्रिलिंग मशीनचा फोटो. फोटो कुठला, कधीचा, पत्ता नाही. दुपारपर्यंत सात-आठ जणांनी तोच मेसेज मला पाठवला आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "भाऊ, खरं आहे का?" मी पत्रकार, म्हणजे मला माहीत असणार असा लोकांचा समज.

या मेसेजवर हसावं तर हसता येत नाही. कारण अशीच एक बातमी बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिली होती.

तेव्हा एका वर्तमानपत्राचं तालुक्याचं काम बघत होतो. एका गावाच्या शिवारात मशीन आली. तीन-चार ठिकाणी बोअर मारले. पाण्यासाठी नाही, हे लोकांना लगेच कळलं, कारण पाणी लागलं तरी मशीन थांबली नाही आणि आतून दगडाच्या गोल कांड्या निघत होत्या. त्या कांड्या पेट्यांमध्ये ओळीने लावून, वर नंबर टाकून घेऊन गेले. लोकांनी विचारलं, "साहेब, का काढून रायले?" उत्तर मिळालं, "सर्व्हे आहे." बस. एवढंच.

जिथे माहिती नसते तिथे अफवा जन्म घेते. आठ दिवसांत सोनं निघालं. गावात, म्हणजे गावाच्या तोंडात. मी गेलो, दोघा-चौघांशी बोललो, मशीनचा फोटो काढला आणि बातमी दिली. हेडिंग होतं, "शिवारात सोन्याचा साठा?" शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपली जबाबदारी संपली, असं त्या वयात वाटायचं. बातमी पहिल्या पानावर लागली. मला शाबासकी मिळाली.

गावात काय झालं ते मला नंतर कळलं. दोघांनी बाहेरच्या माणसांना वावर विकून टाकलं, "सरकार घेईलच, आत्ताच रोख घ्या" म्हणून. आणि एका म्हाताऱ्या काकांनी विहिरीचं मंजूर झालेलं काम थांबवलं. जमीन जाणारच आहे तर विहीर कशाला, असा त्यांचा हिशोब. चार वर्षं धान पावसाच्या भरवशावर. चार वर्षांनी मला बाजारात भेटले तेव्हा रागावले नाहीत. फक्त विचारलं, "का झालं मंग त्या सोन्याचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन परत आलीच नाही. म्हणजे तिथे काही कामाचं सापडलं नव्हतं. पण "सापडलं नाही" हे सांगायला गावात कोणी आलं नाही. ना ज्यांनी बोअर मारले ते, ना तहसीलवाले, ना मी. बोअरच्या तोंडावर सिमेंटचा ठोकळा आहे, त्यावर नंबर आहे. आता त्याला म्हैस बांधतात.

ही माझी चूक, मी कबूल करतो. पण या चुकीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे आणि आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आम्हाला पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात सहा 'क' शिकवतात. काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसं. खनिजाच्या बातमीत आम्ही पहिले चार लिहितो. काय सापडलं, कोणाला सापडलं, कुठे, केव्हा. फार तर "किती" हा एक जास्तीचा टाकतो, कारण कोटींचा आकडा हेडिंगमध्ये चांगला दिसतो. "का" आणि "कसं" हे दोन गायब. हे खनिज इथेच का आलं? कसं तयार झालं? शेजारच्या गावात का नाही? मंडळी, भूशास्त्रातलं एक अख्खं संशोधन याच दोन प्रश्नांवर चालतं. आणि खजिना खरा की खोटा, हे तेच दोन प्रश्न ठरवतात.

दोन उदाहरणं देतो, आपल्या देशातलीच.

फेब्रुवारी २०२०. उत्तर प्रदेशातला सोनभद्र जिल्हा. देशभर बातमी, ३ हजार टनांहून जास्त सोनं सापडलं! टीव्हीवर तर भारत आता जगात कितव्या नंबरवर जाणार याची चर्चा सुरू झाली. दोन दिवसांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे जीएसआयने, खुलासा केला. तिथे अंदाजे ५२,८०६ टन सोनंयुक्त दगड आहे, टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं आहे. गुणाकार करा. १६० किलोच्या आसपास. ३ हजार टन कुठे आणि १६० किलो कुठे! हा गुणाकार सातवीतलं पोरगं करतं. पण दगडाचं वजन वेगळं आणि धातूचं वजन वेगळं, हेच कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२३. जम्मू-काश्मीरमधला रियासी जिल्हा. "५९ लाख टन लिथियम!" पुन्हा तेच. ५९ लाख टन हे लिथियम नव्हतं, लिथियमयुक्त दगडमातीचा तो अंदाज होता. आणि तोही जी-३ टप्प्यावरचा. हा जी म्हणजे काय ते सांगतो. खनिजशोधाचे चार टप्पे असतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-४ म्हणजे नुसती तोंडओळख. जी-३ म्हणजे प्राथमिक अंदाज. जी-२ सर्वसाधारण शोध आणि जी-१ म्हणजे जवळजवळ खात्री. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर जी-३ ला फक्त पत्रिका जुळवायला दिलेली असते, आणि आम्ही तिकडे वरातीची बातमी छापून मोकळे. त्यातही रियासीचं लिथियम चिकणमातीसारख्या खडकात आहे. अशा मातीतून ते परवडेल अशा खर्चात वेगळं काढणं जगात अजून नीट जमलेलं नाही. पुढे त्या ब्लॉकचा लिलाव झाला तेव्हा पुरेसे बोलीदारच आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. ही बातमी किती जणांनी वाचली? कोपऱ्यात आली होती.

म्हणजे बघा, प्रश्न "किती" चा नाहीच. तो पदार्थ तिथे कोणत्या रूपात, कोणत्या प्रक्रियेने येऊन बसला, यावर सगळं अवलंबून आहे. तोच धातू एका रूपात खाण होतो आणि दुसऱ्या रूपात नुसती माती राहते.

आता आपल्या घरी या. तुमसर तालुका. डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी. मँगनीजच्या खाणी आपल्याला नवीन नाहीत. आपल्यातल्या अनेकांचे बाप-आजे तिथे कामाला होते. पण मला सांगा, ते मँगनीज तिथे का आहे, हे आपल्याला शाळेत कधी कोणी सांगितलं? मला नाही सांगितलं. चाळिशी उलटल्यावर मी स्वतः शोधून वाचलं, आणि वाचताना खरं सांगतो, अंगावर काटा आला.

गोष्ट अशी. आज जिथे आपली धानाची बांधी आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. समुद्राच्या तळच्या पाण्यात प्राणवायू नसेल तर लोखंड आणि मँगनीज त्यात विरघळून राहतात, दिसत नाहीत. ते पाणी वर, प्राणवायू असलेल्या भागात आलं की हे धातू गाळ होऊन खाली बसतात. अवघड वाटतं? घरचं उदाहरण घ्या. बोअरचं पाणी बादलीत काढलं की स्वच्छ दिसतं. थोडा वेळ ठेवलं की तळाशी तांबूस गाळ. तेच हे. पाण्यात विरघळलेलं लोखंड हवा लागली की खाली बसतं. काही गावांत टाकीला आणि पाइपला काळा थर चढतो, तो बहुतेकदा मँगनीजचा.

आता गंमत अशी की लोखंड लवकर बसतं आणि मँगनीज उशिरा. त्याला जास्त प्राणवायू लागतो. त्यामुळे समुद्रात दोघांची फाळणी होते. लोखंड एका जागी, मँगनीज पुढे दुसऱ्या जागी. म्हणून मँगनीज कुठेही सापडत नाही. त्या जुन्या समुद्राचा विशिष्ट पट्टा लागतो. आपला पट्टा छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा करत बालाघाटपर्यंत जातो, २०० किलोमीटरच्या आसपास.

पुढे हा गाळ जमिनीत खोल गाडला गेला. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी प्रचंड उष्णता आणि दाब यांनी तो भाजून निघाला, त्याच्या घड्या पडल्या. मँगनीज, चिखल आणि वाळू एकत्र भाजले तिथे एक खास खडक तयार झाला. लुईस ली फर्मोर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने त्याला नाव दिलं 'गोंडाइट'. हो, आपल्या गोंड समाजावरून. १९०९ साली त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा हजारावर पानांचा ग्रंथ जीएसआयने प्रसिद्ध केला. आज जगात कुठेही, ब्राझीलमध्ये असो की आफ्रिकेत, तसा खडक सापडला की भूवैज्ञानिक त्याला गोंडाइट म्हणतात. आपल्याकडच्या किती गोंड पोरांना हे माहीत आहे?

आणि ऐका. या पट्ट्यातल्या खडकांच्या थरांना भूशास्त्रात नावं आहेत. सीतासावंगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवाणी. सगळ्या गटाचं नाव सौंसर. ही आपली गावं आहेत राजेहो! मनसरला आपण चहा प्यायला थांबतो, चोरबाहुलीवरून जबलपूरकडे जातो. बाहेरदेशातला विद्यार्थी या गावांची नावं पाठ करतो आणि आपल्याला वाटतं ते फक्त फाट्यावरचे बोर्ड आहेत.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, हे सगळं छान, पण याचा उपयोग काय? समुद्र होता की डोंगर होता, आपल्याला खनिजाशी मतलब.

उपयोग सांगतो. फर्मोरच्या काळात मँगनीज शोधणं सोपं होतं. काळी टेकडी दिसली की हात लावायचा. वर दिसणारं सगळं शंभर वर्षांत सापडून झालं. आता जे आहे ते खाली, मातीखाली, दुसऱ्या खडकाखाली. डोळ्यांना दिसत नाही. मग बोअर कुठे मारायचा? शिवार मोठं, बोअरचं भोक वीतभरही रुंद नाही आणि मीटरमागे हजारो रुपये खर्च. अंदाजाने मारत सुटलो तर जनतेचा पैसा पाण्यात.

इथे "कसं तयार झालं" कामाला येतं. मँगनीज जर समुद्राच्या गाळाचा थर असेल, तर तो थर जिथे जिथे जातो तिथे त्याचा माग काढायचा. आणि त्याला घड्या पडल्या असतील तर त्या घड्या समजून घ्यायच्या. घरची गोधडी घ्या आणि दोन्ही बाजूंनी ढकला. मधे वळ्या पडतात. वळणावर कापड जाड होतं, दुमडतं, आणि मधल्या बाजूला ताणून पातळ होतं. जमिनीतल्या थराचंही तसंच. वळणावर बोअर लागला तर जाड थर मिळतो, थोडं बाजूला सरकलं तर काहीच नाही. पूर्वी लोक ज्याला तीन वेगळे थर समजत, तो घडी पडून पुन्हा वर आलेला एकच थर असू शकतो. उलटही होऊ शकतं. जीएसआयच्या माणसांनी स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याचा नकाशा गावागावांतून पायी फिरून नव्याने केला, थरांचा क्रम लावला आणि १९६३ मध्ये नारायणस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. आजही या भागात कोणी काम सुरू केलं की तिथूनच सुरुवात करावी लागते. अशा कामाला कधी हेडिंग मिळत नाही.

डोंगरी बुजुर्गचंच घ्या. तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीसाठी वापरतात. तिथलंच का? कारण वरच्या भागात लाखो वर्षं पावसाचं पाणी आणि हवा मुरत राहिली आणि मूळच्या खनिजाचं रूप बदललं. खोल गेलं की खनिजाचं रूप वेगळं होतं. म्हणजे "किती खोलवर हा माल मिळेल" याचं उत्तरसुद्धा "कसा तयार झाला" यातच आहे.

आणि समज चुकली तर काय होतं? फर्मोर मोठा माणूस, पण तोही चुकला. आंध्रच्या किनाऱ्याकडे कोदूर भागात मँगनीज आहे. तिथला खडक खालून वर आलेल्या तप्त रसापासून झाला, असं त्याचं मत होतं. पुढच्या संशोधकांना ते पटलं नाही. तिथेही मुळात गाळच होता, असं मत पुढे आलं. हा नुसता पुस्तकी वाद नाही. रस वर आला असेल तर त्याची वाट खाली शोधायची. गाळ असेल तर आडवा माग काढायचा. बोअरची जागाच बदलते.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम नावाची खाण आहे. तांबं, युरेनियम, सोनं, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. जमिनीवर त्याची कणभर खूण नव्हती. वर साडेतीनशे मीटर रिकामा खडक. १९७५ मध्ये तिथे पहिला बोअर मारला, तो एका विचारावर. विशिष्ट प्रकारच्या जुन्या लाव्हातून तांबं सुटून बाहेर जातं, मग ते कुठे जाऊन बसलं असेल? त्याला गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय मोजमापांची जोड दिली आणि जागा ठरवली. सापडलेला साठा त्यांनी कल्पना केली होती त्यापेक्षा वेगळ्याच प्रकारचा निघाला, हेही खरं. पण विचारच केला नसता तर त्या ओसाड जागी साडेतीनशे मीटर खाली जायची हिंमत कोणी केली असती?

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सरकारने अलीकडे या क्षेत्रात बरंच काही केलं आहे, ते नाकारायचं कारण नाही. २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली. त्याच वर्षी कायदा बदलून २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना शोधाचा वेगळा परवाना द्यायची सोय केली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली, १६,३०० कोटींचा खर्च, आणि २०३०-३१ पर्यंत जीएसआयने १,२०० शोधप्रकल्प करायचे असं लक्ष्य. त्या ३० खनिजांत टंगस्टन आहे, जे आपल्या शेजारी नागपूर जिल्ह्यात खोबना भागात असल्याचं आधीपासून माहीत आहे. मँगनीज मात्र त्या यादीत नाही, अमेरिका आणि युरोपच्या याद्यांमध्ये असूनही. त्यावर वेगळी पोस्ट होईल.

याचा अर्थ काय? येत्या पाच-सात वर्षांत आपल्या भागात मशीन येणार. एक नाही, अनेक. सरकारी आणि खासगी. तेव्हा पुन्हा "सर्व्हे आहे, बस" एवढंच उत्तर मिळणार का? पुन्हा कोणीतरी काका विहीर थांबवणार का?

आणि वरच्या पातळीवर माझी तक्रार वेगळी आहे. १,२०० प्रकल्प, इतके बोअर, इतके ब्लॉक लिलावाला, हे मोजता येतं म्हणून तेच मोजलं जातं. पण एखाद्या माणसाने दोन वर्षं डोंगरदऱ्या फिरून एका घडीचा नकाशा नीट केला, किंवा प्रयोगशाळेत बसून खनिज कोणत्या तापमानाला तयार झालं ते शोधलं, तर ते कोणत्या रकान्यात भरणार? लक्ष्य गाठायच्या घाईत समजून घेण्याचं काम मागे पडलं तर आपण नुसती भोकं पाडत राहू. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी बघायला माणूस न आणता एकामागे एक बोअर मारून कर्जात गेलेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

म्हणून माझ्या चार मागण्या. मोठ्या नाहीत.

१. शिवारात मशीन येण्याआधी ग्रामपंचायतीत एक पानाचं पत्रक लागलं पाहिजे. मराठीत. काय शोधतोय, का इथेच शोधतोय, शोध कोणत्या टप्प्यावर आहे, आणि या टप्प्यावरून खाण होण्याची शक्यता किती कमी असते. जमिनीची मालकी यामुळे बदलत नाही, विहीर खोदा, धान लावा, हे त्यात ठळक अक्षरात.

२. काम संपल्यावर निकाल सांगायला परत या. "काही सापडलं नाही" हाही निकाल आहे. भूवैज्ञानिकासाठी तर तो फार कामाचा, कारण त्याचं गणित कुठे चुकलं ते तिथे कळतं. मग गावासाठी तो कमी कामाचा कसा? जीएसआयचे अहवाल आणि माहिती आता सरकारी पोर्टलवर आहे, चांगली गोष्ट आहे, पण ती इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या भाषेत. दोन पानांचा मराठी सारांश जोडायला काय अडचण आहे?

३. खाणींच्या रॉयल्टीवर आधारलेले दोन पैसे आहेत. एक जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, जो खाणबाधित भागासाठी आहे. दुसरा २०१५ मध्ये राष्ट्रीय खनिज शोध ट्रस्ट या नावाने सुरू झालेल्या ट्रस्टचा, जो शोधकामासाठी सुरू झाला. प्रतिष्ठानच्या पैशातून रस्ते, नाल्या होतात, होऊ द्या. पण त्यातला लहानसा हिस्सा आपल्या कॉलेजांमधल्या भूशास्त्राला का देऊ नये? ज्या मुलाच्या आजोबांनी चिखल्याच्या खाणीत घाम गाळला, तो मुलगा तिथल्या खडकाचा नकाशा करू शकला पाहिजे. आजवर खनिज आपलं, अंगमेहनत आपली, आणि शहाणपण दुसऱ्याचं. हे किती दिवस?

४. आम्हा पत्रकारांसाठी. जीएसआयचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपूरला. बोअर मारणारी एमईसीएल नागपूरची, मॉयलचं मुख्य कार्यालय नागपूरला, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही तिथेच. देशात खनिजाची एवढी डोकी एका शहरात क्वचित असतील, आणि ती आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर. वर्षातून एक दिवस तालुक्याच्या पत्रकारांना बोलवा. टन आणि ग्रॅम, दगड आणि धातू, जी-४ आणि जी-१, एवढं जरी शिकवलं तरी सोनभद्रसारख्या निम्म्या बातम्या जागच्या जागी मरतील.

यावर दोन आक्षेप येतील, येऊच द्या.

पहिला, "आधीच सांगितलं तर दलाल येतील, जमिनी बळकावतील." अहो, दलाल आजही येतातच. त्यांना कार्यालयातून आधी कळतं. अंधारात राहतो तो फक्त वावराचा मालक. माहिती लपवल्याने दलाल थांबत नाही, उलट त्याचाच भाव वाढतो.

दुसरा, "लोकांना कळणार नाही, फार तांत्रिक आहे." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. जो शेतकरी मातीचा रंग बघून सांगतो की इथे पाणी थांबेल की मुरेल, ज्याच्या पूर्वजांनी या भागात शेकडो तलाव अचूक जागी बांधले, त्याला समुद्र, गाळ आणि घडी कळणार नाही? गेल्या महिन्यात मी एका ओट्यावर बसून बादलीच्या पाण्याची आणि गोधडीची ही गोष्ट सांगितली. एक आजी मधेच म्हणाली, "म्हंजे पाटाच्या तोंडाशी जाड रेती बसते अन् पुढं बारीक चिखल जाते, तसंच ना?" आजी शाळेत गेलेली नाही. पाण्यात सगळं एका जागी बसत नाही, प्रत्येकाची जागा वेगळी, हा मुद्दा तिने एका वाक्यात मांडला.

मी खाणीच्या बाजूने लिहितोय असं काहींना वाटेल, विरोधात लिहितोय असं काहींना. दोन्ही नाही. खाण हवी की नको हा प्रश्न नंतरचा, आणि तो गावाने ठरवायचा. पण ठरवायला आधी हातात काय आहे ते कळलं पाहिजे. अफवेवर होकार दिला तरी नुकसान आणि अफवेवर नकार दिला तरी नुकसान.

ते काका आता नाहीत. त्यांच्या मुलाने पुढे विहीर खोदली, पाणी चांगलं लागलं. ही पोस्ट लिहायच्या आधी मी त्याच्याकडे गेलो होतो आणि जे त्याच्या वडिलांना सांगायला हवं होतं ते त्याला सांगितलं. की तुमच्या शिवारात सोनं नव्हतं, आणि माझी बातमी चुकीची होती. तो म्हणाला, "भाऊ, हे बाबाले सांगाले पाह्यजे होतं." खरं आहे.

तुमच्या गावात असा नंबर टाकलेला सिमेंटचा ठोकळा असेल, तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव आणि साधारण वर्ष टाका. ती यादी घेऊन मी नागपूरला जाणार आहे आणि प्रत्येक ठोकळ्याखाली काय निघालं ते लेखी विचारणार आहे. उत्तर आलं की इथेच टाकेन. आणि नाही आलं, तर तेही इथेच टाकेन.